कॅप्टनची नीळ

आमच्या गल्लीत एके काळी अशी कुजबुज होती, की कोपऱ्यावरचा लाँड्रीवाला हा मुळात लाँड्रीवाला नाहीच. तो लढाईतला वैमानिक. जळतं विमान त्यानं म्हणे एकट्यानं गावाबाहेरच्या विमानतळावर उतरवलं, तिथल्याच मातीच्या बांधात ते पुरलं, वरिष्ठांशी काहीतरी बिनसलं म्हणून वर्दी उतरवून ठेवली, आणि तेव्हापासून लोकांच्या चादरी धुण्याचं निमित्त करून तो त्या विमानावर पहारा देत बसलाय. ही गोष्ट सांगणारा आधी इकडेतिकडे बघायचा, आवाज खाली आणायचा आणि शेवटी म्हणायचा, "माझं नाव कुठे घेऊ नका." नाव घेणार कोण? त्याला ती आदल्या दिवशी आपणच सांगितलेली असायची.

पुरावेही होते. हा माणूस सतत आभाळाकडे बघायचा. समोर गिऱ्हाईक हरवलेल्या उशीच्या अभ्र्यावरून भांडतंय, आणि हा दारातून मान वाकडी करून ढगांकडे बघतोय. कानावर उतरणारी एक चामड्याची टोपी त्याच्याकडे होती, ती तो भर उन्हाळ्यातही घालायचा. दुकानातला पडदा पॅराशूटच्या कापडाचा होता. पण सगळ्यांवर ताण म्हणजे, लढाईचा विषय निघाला की तो गप्प बसायचा. ज्यांनी लढाई फक्त रेडिओवर ऐकली होती ते तासन् तास तोफा डागायचे, आणि हा गप्प.

"आता यावरून काय ते समजा," असं केशकर्तनालयवाला कात्री हवेत धरून म्हणायचा. त्याच्या खुर्चीत मान खाली घालून बसलेला माणूस वाद घालत नाही, त्यामुळे गावातली बरीचशी मतं त्या खुर्चीतच पक्की व्हायची.

तर अशा रीतीनं लाँड्रीवाल्याचा कॅप्टन झाला. तोंडावर कुणी कॅप्टन म्हटलं की तो चिडायचा. चिडतो म्हणजे खरंच असणार, असं म्हणून लोक आणखी म्हणायचे.

दिसायला तो काही लढवय्या वगैरे नव्हता. उंच, किडकिडीत, खांद्याला बाक आलेला, बोटांची टोकं पाण्यानं कायम सुरकुतलेली. मात्र नाक वर. कपड्यांच्या बाबतीत त्याच्याइतका फटकळ माणूस मी पाहिला नाही. गावातले मोठेमोठे लोक त्याच्या टेबलासमोर शाळेतल्या पोरासारखे उभे राहायचे. तो शर्ट उचलायचा, उजेडाकडे धरायचा, कॉलर उलटून बघायचा आणि मालकाकडे असा बघायचा, की मालकानं नकळत आपली मान पुसावी.

"हा डाग कसला?"

"चहाचा."

"चहाचा म्हणून घरी सांगा. मला सांगू नका."

एवढं बोलून तो शर्ट बाजूला टाकायचा, आणि डाग कसला होता हे मात्र कुणाला कधी सांगायचा नाही. माझी त्याच्यावर खरी तक्रार होती ती हीच. गावातल्या प्रत्येक घराच्या चादरी त्याच्या हाताखालून गेलेल्या, म्हणजे नुसती बातम्यांची खाण. पण एक शब्द बाहेर पडेल तर शपथ. असा माणूस गल्लीत असणं हा बाकीच्यांवर अन्यायच म्हणायचा.

घरात तीनच माणसं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. इस्त्रीचं सगळं काम वहिनींकडे, म्हणजे त्याच्या बायकोकडे. सगळी गल्ली त्यांना वहिनी म्हणायची. मनगट असं, की जाड पडद्याची चुणीसुद्धा त्यांच्यापुढे माघार घ्यायची. आणि दाराशी वेताच्या खुर्चीत सासूबाई, वहिनींची आई. लेकीकडे चार दिवस म्हणून आल्या त्या राहिल्याच. गठ्ठे मोजून घेणं, पोचते करणं आणि रस्त्यावरून कोण कुणाबरोबर गेलं हे बघणं, ही खाती त्यांच्याकडे. कॅप्टन कुठे गेलाय असं विचारलं, तर त्या कपड्यांचं नाव काढायच्या नाहीत. "जावईबापू विमानतळावर गेलेत," एवढंच म्हणायच्या. आणि खोटं नव्हतं ते. तो खरोखरच विमानतळावर जायचा.

हा विमानतळ लढाईच्या धामधुमीत घाईघाईनं बांधलेला आणि लढाई संपल्यावर तितक्याच घाईनं टाकून दिलेला. धावपट्टीच्या भेगांतून गवत वर आलं होतं. कडेला घोड्याच्या नालेच्या आकाराचे मोठे बांध होते. आतून वीट, बाहेरून माती, उंचीला दोन पुरुष, तीन बाजू बंद आणि एक उघडी. त्यांत म्हणे विमानं उलटी ढकलत नेऊन ठेवायचे, म्हणजे शेजारी बॉम्ब पडला तरी ठिकऱ्या बांधावर जाव्यात. मागच्या भिंतीत काँक्रीटची एक बुटकी खोली, माणसांना दडायला. आम्ही त्या बांधाला नाल म्हणायचो. पूर्वी अशा नालांची रांगच होती. आता एकच धड उरली होती, बाकीच्यांचे नुसते उंचवटे. उरलेल्या नालेपासून जरा पुढे विमानविरोधी तोफेचा गोल खड्डा होता. कमरेएवढी भिंत, आतून बसायला कट्टा आणि भिंतीत गोळे ठेवायचे कोनाडे.

कॅप्टन नवीन लग्न झालं तेव्हा कपडे गल्लीतच वाळवायचा. पण मग इस्पितळाचं काम मिळालं, आणि चादरी गल्लीभर लोंबायला लागल्या. सायकलवाले त्यात गुरफटून पडायचे. जागा शोधत तो विमानतळावर गेला, नालेत उभा राहिला आणि त्याला, वहिनी सांगायच्या, साक्षात्कारच झाला. तीन बाजूंनी धूळ अडलेली, चौथ्या बाजूनं वारा आत येणारा, आत आला की भिंतीला धडकून गोल फिरणारा. विमान बांधून ठेवायच्या लोखंडी कड्या जमिनीत तशाच होत्या, त्यांना त्यानं आपल्या खांबांचे ताण बांधले. विटांचा तांबडा भुगा चादरींना लागू नये म्हणून भिंतींना दर वर्षी चुना. तोफेच्या खड्ड्याचं पाणी जायचं भोक बुजवून, तळाला सिमेंट करून त्याचा हौद. शेवटचं निळीचं पाणी त्यात. गोळ्यांच्या कोनाड्यांत साबण, सोडा आणि निळीच्या पुड्या. मागच्या बुटक्या खोलीत त्याला ती टोपी आणि पॅराशूट सापडलं. टोपी कानाला वारा लागू नये म्हणून घातली, आणि पॅराशूटचा पडदा केला.

अशी बरीच वर्षं गेली. मग एके दिवशी सेक्रेटरी आला.

जुन्या लष्करी खुणा जपणारी कसलीशी मंडळी होती, तिचा हा सेक्रेटरी. आमच्याच गावचा, पुलांच्या खात्यातून निवृत्त झालेला, गळ्यात दुर्बीण आणि खिशात मोजपट्टी. उत्साह इतका, की त्याच्या शेजारी उभं राहिलं तरी दम लागावा. तो नालेत शिरला तो थेट ओल्या चादरींमध्ये. एक चादर वाऱ्यानं उडून त्याच्या थोबाडीत बसली, तेवढ्यानंही त्याचा आनंद कमी झाला नाही.

"अहो, केवढी सुस्थितीत आहे ही," तो भिंतीवर हात फिरवत म्हणाला.

"हात धुतलेत का?" कॅप्टननं विचारलं.

"हे आता स्मारक होणार. सरकारची मंजुरी आलीय. हे सगळं काढावं लागेल."

"चादरी ना? संध्याकाळी काढतोच की."

"कायमच्या," सेक्रेटरी म्हणाला. "खांब, दोऱ्या, खड्ड्यातलं पाणी, सगळं. उद्घाटनाच्या आत."

त्या दिवशी कॅप्टन पहिल्यांदाच आभाळाकडे न बघता घरी आला. नाल गेली म्हणजे लाँड्री गेली, हे गल्लीतल्या कुत्र्यालाही कळत होतं. इस्पितळाच्या चादरी दुसरीकडे कुठे वाळवणार? आणि ओल्या चादरी घेऊन इस्पितळ काय करणार? या वयात दुसरा धंदा तरी कुठला?

सेक्रेटरी त्याच संध्याकाळी दाढीला गेला. केशकर्तनालयवाल्यानं साबण लावून होईपर्यंत कसाबसा धीर धरला, मग वस्तरा बाजूला ठेवून, इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून कॅप्टनची सगळी हकीकत सांगितली. जळतं विमान, पुरलेलं विमान, उतरवलेली वर्दी. "माझं नाव कुठे घेऊ नका," असंही सांगितलं. सेक्रेटरी अर्धी दाढी तशीच ठेवून उठणार होता, त्याला खांदे धरून बसवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी तो लाँड्रीत आला तेव्हा त्याची नजरच बदललेली होती. त्यानं आधी चामड्याची टोपी बघितली, मग पडद्याचं कापड दोन बोटांत धरून बघितलं, आणि मग कॅप्टनसमोर जवळजवळ ताठ उभा राहिला.

"तुम्ही मला कालच का नाही सांगितलंत?"

"काय?"

"तुम्ही या तळावर होता ते."

"रोज असतो."

"तसं नव्हे. लढाईत."

"लढाईत मी मामाच्या भट्टीवर कपडे उकळत होतो," कॅप्टन म्हणाला. "मी विमानात कधी बसलेलो नाही."

सेक्रेटरीचे डोळे पाणावले. "खरे लढलेले असेच असतात," तो वहिनींना म्हणाला. "बोलत नाहीत."

"ते एरवीही बोलत नाहीत," वहिनी म्हणाल्या. "मला बाजारातून काय आणायचं तेसुद्धा सांगत नाहीत."

पण सेक्रेटरी ऐकण्याच्या पलीकडे गेला होता. स्मारकाला एक रखवालदार नेमायचाय, तो म्हणाला. ज्यानं या तळावर सेवा केली त्याच्यापेक्षा योग्य कोण? रखवालदाराच्या चार दोऱ्या नालेत राहिल्या तर मंडळी त्याकडे काणाडोळा करेल. फक्त उद्घाटनाला एक जुने विंग कमांडर यायचेत, याच तळावरून उडालेले. त्यांच्या शेजारी व्यासपीठावर ही टोपी घालून उभं राहायचं. बोलायची गरज नाही.

कॅप्टननं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. "बघू," म्हणाला.

रात्रीची जेवणं आटोपायच्या आत घरात परिषद भरली. भिंत एका विटेची, त्यामुळे शेजारीपाजारी हजर असल्यासारखेच होते.

"यात बघायचंय काय?" सासूबाई म्हणाल्या. "नुसतं उभं राहायचं. कुणी काही विचारलं तर मान हलवायची."

"अहो सासूबाई, मला शिडीवर चढलं तरी गरगरतं."

"मान खाली उभं राहून हलवायचीय, जावईबापू. शिडीवर चढून नाही."

"आणि त्या विंग कमांडरनं विचारलं, विमान कसं चालवतात, तर?" वहिनी म्हणाल्या.

"विसरलो म्हणायचं. पुरुषांनी काहीही विसरलेलं चालतं. तुझा बाप तुझं लग्न विसरला होता."

"आई, बाबा आले होते की लग्नाला."

"मी आठवण केली म्हणून."

कॅप्टन भाकर मोडावी तशी आपली बोटं मोडत बसला होता. शेवटी म्हणाला, "खोटं बोललो तर लाज जाईल. खरं बोललो तर नाल जाईल."

"लाजेवर चादरी वाळत नाहीत," सासूबाई म्हणाल्या आणि उठल्या.

असं सगळं चाललं असताना त्यात निळीनं भर घातली. उद्घाटनासाठी हौद रिकामा केला, आणि सेक्रेटरी मोजपट्टी घेऊन त्यात उतरला. बघतो तर आतून सगळा निळा. तळ निळा, कट्टा निळा, कोनाड्यांत तर निळीची खपली बोटभर जाड.

"हा रंग कधीचा?" त्यानं विचारलं.

"बऱ्याच वर्षांचा," कॅप्टन म्हणाला, आणि पुढचं वाक्य जुळवत होता. तेवढ्यात सेक्रेटरीनं खड्ड्यातच गिरकी घेतली. शत्रूच्या विमानाला वरून तळं दिसावं, म्हणून तोफेचा खड्डा पाण्याच्या रंगात रंगवला होता. केवढी अक्कल. असा खड्डा दुसरीकडे कुठेही नाही. त्यानं ताबडतोब भिंतीला हात लावायची सर्वांना मनाई केली आणि फलक रंगवायला टाकला.

हे ऐकून वहिनी इतक्या हसल्या, की इस्त्रीखालचा अभ्रा जळून गेला. डोळे पुसत म्हणाल्या, "अहो, सांगून टाका बरं त्या माणसाला. गावभर हसं होईल त्याचं."

"सांगू? मग तो विचारेल, सिमेंट कुणी केलं? भोक कुणी बुजवलं? लढाईतल्या खड्ड्यात नीळ कुणी कालवली? रखवालदारी राहिली बाजूला, पोलीस येतील."

त्यामुळे तो गप्प राहिला. पण त्याला झोप लागेना. खोट्या वैमानिकापेक्षा त्याला तो फलक जास्त सलत होता. निळीला कुणी दुसरंच काही म्हणतंय, हे त्याच्यातल्या लाँड्रीवाल्याला सहन होत नव्हतं.

उद्घाटनाला सगळं गाव लोटलं. धावपट्टीवर खुर्च्या, नालेच्या तोंडाशी व्यासपीठ, खड्ड्याशी तो फलक कापडानं झाकलेला. सासूबाईंनी परगावची धाकटी बहीण मुद्दाम बोलावून घेतली होती आणि तिला पहिल्या रांगेत आपल्या शेजारी बसवलं होतं. धूळ उडू नये म्हणून सकाळीच पाण्याचा टँकर फिरवला होता. टँकरवाला उदार, त्यानं खड्ड्याच्या भिंतींवरही पाणी मारलं.

विंग कमांडर आले ते पांढऱ्याशुभ्र पोशाखात. म्हातारे, पण खणखणीत. कॅप्टन टोपी घालून व्यासपीठाच्या कडेला उभा होता, घामानं निथळत. त्यानं विंग कमांडरांच्या तोंडाकडे बघितलंच नाही, कॉलरकडे बघितलं, आणि शेजारी उभ्या केशकर्तनालयवाल्याच्या कानात म्हणाला, "धुतलाय चांगला. खळ जास्त झालीय."

फलक उघडला. सेक्रेटरीनं तळ्याच्या रंगाची अक्कल सगळ्यांना समजावून सांगितली. विंग कमांडर खड्ड्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"निळा होता?" ते म्हणाले. "मला तर मातीच्याच रंगाचा आठवतो."

"वय, साहेब," सेक्रेटरी प्रेमानं म्हणाला.

"असेल. पण तोफवाले कसे बसायचे ते मला पक्कं आठवतंय." आणि कुणी काही म्हणायच्या आत ते खड्ड्यात उतरले, कट्ट्यावर टेकले, कोनाड्यात पाठ घट्ट रोवली आणि आभाळाकडे बोट करून दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ते उठले आणि वळले.

टाळ्या थांबल्या. कमरेपासून खाली, मागून, विंग कमांडर गडद निळे झाले होते. पाठीवर कोनाड्याचा चौकोन छापल्यासारखा उठला होता.

सेक्रेटरीनं खिशातून रुमाल काढला, तो तोंडाला लावून ओला केला आणि घासायला सुरुवात केली.

"चोळू नका," व्यासपीठावरून आवाज आला.

सेक्रेटरी घासतच होता.

"चोळू नका म्हणतो ना. धाग्यात बसेल. तो रुमाल आधी फेका." कॅप्टन टोपीसकट खुर्च्या ओलांडत निघाला होता. मंडळीच्या एका मेंबराच्या पायावर पाय देऊन तो खड्ड्यात उतरला, सेक्रेटरीचा हात झटकला, वाकून विंग कमांडरांची मागची बाजू उजेडाकडे करून बघितली. "नीळ आहे ही. साधी कपड्याची नीळ. नुसत्या पाण्यात सोडली की निघेल. हाताळलीत तर जन्मभर राहील."

"तुम्हाला काय माहीत नीळ आहे ते?" सेक्रेटरी म्हणाला.

"माझीच आहे," कॅप्टन म्हणाला.

पहिल्या रांगेत सासूबाईंची खुर्ची जोरात करकरली. कॅप्टनला आता थांबता येईना. खड्डा मीच सिमेंट केला, तो म्हणाला. भोक मी बुजवलं. भिंतींना चुना मी देतो. विमानात मी कधी बसलेलो नाही, हे मी यांना सांगितलं होतं, ते रडायला लागले. "आता साहेब, पँट काढा."

"इथे?" विंग कमांडर म्हणाले.

"मागच्या खोलीत."

त्यानंतरचा समारंभ मी विसरणं शक्य नाही. विंग कमांडर बुटक्या खोलीच्या दारात इस्पितळाच्या चादरीत गुंडाळून बसलेले, वॉर्डातून पळून आल्यासारखे. वहिनी बादलीत पँट नि कोट बुडवून बसलेल्या. कॅप्टन दोरीवर जागा करतोय. आणि सगळं गाव, मंडळी, फलक, गावचे मान्यवर, कपडे वाळायची वाट बघत खुर्च्यांवर बसलेलं.

"तुम्ही वैमानिक नाही हे मी आल्याआल्या ओळखलं," विंग कमांडर म्हणाले. "टोपी उलटी घातलीय तुम्ही. कानांचे बंद मागे जातात."

कॅप्टननं टोपी काढून हातात घेतली. "कान झाकतात तेवढं मला पुरतं."

"मी या रांगेतल्या टोकाच्या नालेत असायचो. ती कुठे दिसत नाही."

"ती नाही आता."

"आणि तिच्या शेजारची?"

"तीही नाही."

"गेल्या कुठे? विटांच्या भिंती काही वितळत नाहीत."

कॅप्टननं दोरीवरची चादर ओढून सरळ केली. त्याला सगळं माहीत होतं. टोकाच्या नालेच्या विटा कुठल्या घरात गेल्या, शेजारच्या नालेत किती गावकऱ्यांची कुंपणं निघाली, सगळं त्याच्या डोळ्यांदेखत हातगाड्यांवरून गेलं होतं. खुर्च्यांवर बसलेले लोक एकदम आपापले जोडे निरखायला लागले. केशकर्तनालयवाल्यानं दुकानाची मागची भिंत त्याच विटांची बांधली होती, तो तर खाली वाकून नाडी बांधायला लागला, आणि त्याच्या चपलांना नाडी नव्हती. सेक्रेटरीच्या बागेची भिंत मी सांगत नाही.

"डाग कुणाचे ते मी सांगत नसतो," कॅप्टन म्हणाला.

विंग कमांडर हसले. ते चादर सावरत उठले, एका हातानं ती कमरेशी धरून व्यासपीठावर गेले, आणि त्यांनी जे भाषण केलं ते ठरलेलं नव्हतं. लढाईतसुद्धा आम्ही याच कड्यांना दोऱ्या बांधून आमचे पायजमे वाळवायचो, ते म्हणाले, त्यामुळे या दोऱ्यांत मला काही गैर दिसत नाही. ज्या नालेत कुणी रोज येत-जात नव्हतं ती नाहीशी झाली. हिच्यात एक माणूस चादरी वाळवत होता, म्हणून हिची वीट न् वीट जागेवर आहे. रखवालदार तर तो आहेच, तुम्ही फक्त कागदावर आणा. मात्र माझ्या तोफवाल्यांचा खड्डा त्यानं खरवडून जसा होता तसा करून द्यायचा.

मंडळीनं तिथल्या तिथे हात वर करून ठराव केला. सेक्रेटरीनंही हात वर केला, अर्धाच, पण केला. पाहुणे यायच्या दिवशी दोऱ्या उतरवायच्या, एरवी नाल कॅप्टनची.

पँट वाळली. वहिनींनी दुकानातून इस्त्री मागवून व्यासपीठाच्या टेबलावरच ती फिरवली, आणि विंग कमांडर आले होते त्याहून पांढरे होऊन परत गेले. कॉलरची जादा खळही कॅप्टननं काढली होती, न विचारता.

खड्डा खरवडायला त्याला बरेच आठवडे लागले. निळीसाठी त्यानं बांधामागे पत्र्याची टाकी बसवली. तिच्यात चादरी मावायच्या नाहीत म्हणून तो रोज कुरकुरायचा. फलकावरचा तळ्याचा मजकूर सेक्रेटरीनं पांढऱ्या रंगानं झाकून टाकला. कॅप्टन तिकडून गेला की थांबून म्हणायचा, "याला पांढरा म्हणतात का?" पाहुण्यांना नाल दाखवताना तो विमानाबद्दल एक वाक्य बोलायचा आणि वाऱ्याबद्दल वीस. लोक त्याला कॅप्टनच म्हणत राहिले. गाव एकदा दिलेलं नाव परत घेत नाही, त्यासाठी कुणी अर्ज केला तरी.

एक प्रश्न मात्र तसाच राहिला होता. विंग कमांडरांनी जाताना गाडीत बसता बसता विचारला होता, "पण तुम्हाला वैमानिक केलं कुणी?" कॅप्टननं सासूबाईंकडे पाहिलं नाही, बहिणीकडे पाहिलं नाही, नुसतं आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "लोक बोलतात."

सासूबाई वारल्यानंतर वहिनींनी मला ते सांगितलं, चहा गाळता गाळता. वहिनींचं लग्न झालं तेव्हा सासूबाईंच्या बहिणीनं विचारलं होतं, जावई काय करतो. बहिणीचा जावई बोटीवर होता. म्हणून सासूबाईंनी सांगितलं, की आमचा विमानात होता.